कडक मंडळीतून शांत प्रार्थनेकडे आणि सेवेकडे : कोकणातल्या ख्रिस्ती घरांसाठी माहितीचा धागा

सुरंगी (धागाकर्ती)

सावंतवाडीपासून वसईपर्यंत, फेलोशिपमध्ये, म्हणजे कडक शिकवणीच्या स्वतंत्र मंडळीत, वाढलेल्या अनेकांचं गाडं एकाच ठिकाणी येऊन अडतं. येशू सोडायचा नाही, शास्त्रही सोडायचं नाही. पण प्रत्येक आजारामागे पाप शोधणं, पोरांना नरकाची चित्रं दाखवणं, गणपतीत शेजाऱ्याच्या उंबऱ्याकडे पाठ करणं मनाला पटेनासं झालेलं असतं. मग दोनच वाटा दिसतात : सगळं सोडून मोकळं व्हायचं, किंवा तोंड मिटून दर रविवारी बसून राहायचं. तिसरी वाट आहे, जुनी आहे आणि तिच्यावर मराठीतून चालता येतं. तिची व्यावहारिक माहिती एका जागी यावी म्हणून हा धागा.

मंडळीचं किंवा पाळकांचं नाव लिहू नका. साक्षीही इथे नकोत. काय करावं, किती वेळ करावं, कुठे फसतं आणि का, एवढंच लिहूया.

सुरुवात इतिहासापासून करते. ‘हे सोडलं म्हणजे विश्वासच सोडला’ ही धास्ती इतिहास कळला की बरीच उतरते. अमेरिकेत १९१० ते १९१५ या काळात बारा पुस्तिकांची एक मालिका निघाली आणि तिच्यातल्या शब्दावरून १९२० मध्ये ‘मूलतत्त्ववादी’ हे नाव रूढ झालं. मंडळी अचानक आकाशात उचलली जाईल आणि मग महासंकटाची वर्षं येतील, हा आराखडा जॉन नेल्सन डार्बी यांनी १८३०च्या दशकात मांडला. १९०९ साली स्कोफील्ड यांच्या टिपांसह बायबल छापलं गेलं आणि तो आराखडा घरोघरी पोचला. शास्त्र इतिहास-विज्ञानासकट प्रत्येक बाबतीत निर्दोष आहे, याचं आज प्रमाण धरलं जाणारं निवेदन शिकागोत १९७८ साली तयार झालं.

आता निकियाचा मतांगीकार, म्हणजे चर्चची जुनी विश्वासाची कबुली, काढून बघा. त्याची घडण ३२५ आणि ३८१ या दोन परिषदांतली. येशू पुन्हा येईल एवढं त्यात आहे, वेळापत्रक नाही. सृष्टीचे सहा दिवस चोवीस-चोवीस तासांचे होते का, यावर अवाक्षर नाही. ज्या गोष्टी सोडताना छाती धडधडते त्यांतल्या बऱ्याच दोनशे वर्षांच्या आतल्या आहेत. मतांगीकार रविवारी म्हणत राहा. तो धरून ही वाट चालता येते, आणि माझ्या मते धरूनच चालावी.

---

खाडीपट्टा

उत्तम विषय, सुरंगीताई. वाचनाबद्दल लिहितो, कारण कडक शिकवणीतला माणूस अडतो तो पहिला इथेच.

आपल्याला वाचायला शिकवलेलं असतं ते उत्तर शोधायला : वचन, संदर्भ, दुसरं वचन, निष्कर्ष. प्रार्थनेचं वाचन वेगळं. बाराव्या शतकात गिगो दुसरा या कार्थुसियन (मौन पाळणाऱ्या साधूंच्या) मठाधिपतीने त्याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या : वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. घरी करायचं ते असं.

उतारा सहा ते दहा ओव्यांचा घ्या. अध्याय घेऊ नका. पहिल्यांदा मोठ्याने, सावकाश वाचा आणि दोन मिनिटं गप्प बसा. दुसऱ्या वाचनात जो शब्द किंवा अर्धं वाक्य मनाला टोचतं तिथे थांबा आणि तेच पाच मिनिटं ओठांवर घोळवा. तिसऱ्या वाचनानंतर देवाशी त्याबद्दल बोला, तक्रार असेल तर तक्रार करा. मग पुस्तक मिटा आणि दहा मिनिटं काहीही न करता बसा. सगळं मिळून अर्धा तास होतो. पहाटे लिलावाला बंदरावर जाणाऱ्यांनी दुपारी बसावं, पहाटेलाच जास्त पुण्य आहे असं काही नाही.

बिघडतं कुठे? पहिलं, हात आपोआप पानं उलटतो आणि संदर्भ जुळवायला लागतो. म्हणून तळटिपा नसलेली साधी प्रत घ्या आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दुसरं, मनात प्रवचन तयार व्हायला लागतं : ‘हे अमक्याला सांगायला हवं.’ तसं झालं की ओवी पुन्हा मोठ्याने वाचायची. तिसरं, टोचलेला शब्द म्हणजे देवाचा आजचा हुकूम असं धरून लोक नोकरी-लग्नाचे निर्णय घेतात. ते करू नका. असा एखादा शब्द महिनाभर टिकला आणि जाणत्या माणसाशी बोलून झाला, तर विचार करा.

प्रतींबद्दल. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र कानाला ओळखीचं असतं, पण त्या ओळखीमुळेच जुना सूरही कानात वाजतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल शेजारी ठेवावं. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे आणि भाषा आजची आहे. ओळखीचा उतारा नव्या मराठीत वाचला की जुना अर्थ आपोआप चिकटत नाही.

आणखी एक. लहानपणी पाठ केलेली वचनं हे फार मोठं धन आहे. ज्यांना काहीच पाठ नाही त्यांना हे मनन जड जातं. ती वचनं भीतीने पाठ करून घेतली म्हणून टाकून देऊ नका.

---

करवंद

खाडीपट्टा दादा, काही उतारे उघडले तरी पोटात गोळा येतो त्यांचं काय? इब्री ६:४-६, इब्री १०:२६, मत्तय १२:३१-३२. ‘क्षमा न होणारं पाप’ ऐकून रात्र-रात्र न झोपणारी माणसं आहेत.

---

सुरंगी

करवंद, महत्त्वाचं विचारलंस. पहिले तीन महिने हे उतारे, रोमकरांस ९ आणि पूर्ण प्रकटीकरण बाजूला ठेवायचं. हे पळणं नव्हे. भाजलेल्या हाताला लगेच विस्तवापाशी नेत नाहीत.

नंतर परत जायचं ते एकट्याने नाही, आणि तुटक ओवी घेऊन नाही. क्षमा न होणाऱ्या पापाची गोष्ट मार्क ३:२० पासून ३५ पर्यंत सलग वाचा. येशू ज्यांना बोलतो ते शास्त्री आहेत. लोक बरे होताना दिसत असूनही ते भुतांच्या अधिपतीचं काम आहे असं ते म्हणतात. तो इशारा सत्ता असलेल्यांना आहे. ‘माझ्याकडून ते पाप झालं असेल का’ म्हणून घाबरणारा माणूस या दृश्यात कुठेच नाही, आणि ती धास्तीच त्याचं मन कठोर झालेलं नाही याची खूण आहे. पाळकी सेवेतली जाणती माणसं हेच सांगत आली आहेत.

शास्त्रातल्या विसंगतींबद्दलही इथेच लिहिते. २ शमुवेल २४:१ मध्ये शिरगणती करायला दाविदाला देव चेतवतो. तीच गोष्ट १ इतिहास २१:१ मध्ये सैतानाच्या नावावर आहे. मंदिरातले बाजारवाले हाकलण्याचा प्रसंग योहानात दुसऱ्या अध्यायात, बाकी तिघांत शेवटच्या आठवड्यात. पहिल्यांदा कळलं की पायाखालची जमीन सरकते आणि माणूस सगळं पुस्तक भिंतीला फेकतो. थांबा. ज्यांनी हे ग्रंथ एकत्र बांधले त्यांना हे दिसत होतं, तरी त्यांनी दोन्ही ठेवलं. देवाबद्दलची समज पिढ्यान्‌पिढ्या कशी वाढली हे त्यातून कळतं. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांवर लिहिताना पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच ऑगस्टिनने बजावलं होतं की ख्रिस्ती माणसाने शास्त्राच्या नावावर निसर्गाबद्दल काहीबाही बोलू नये, ऐकणारे हसतात आणि मग पुनरुत्थानाच्या गोष्टीवरही विश्वास ठेवत नाहीत.

---

देवगडकर

धागा वाचतो आहे. माझं मत वेगळं आहे आणि ते नम्रपणे मांडतो. मन रिकामं करून बसणं धोक्याचं आहे. मत्तय १२:४३-४५ मध्ये झाडून ठेवलेल्या रिकाम्या घरात सात दुष्ट आत्मे शिरतात. शिवाय आत्म्याला विझवू नका असं पौल सांगतो. मोठ्याने, अश्रूंनी केलेली प्रार्थना सोडून गप्प बसायला लावणं म्हणजे ते विझवणंच नाही का? आणि समाजसेवा तर कुणीही करतो. तारणाचं काय?

---

नारळीबाग_वसई

देवगडकर काका, तुमची काळजी खरी आहे. ज्या घरांत वडीलधाऱ्यांना हीच शंका येते तिथे काय सांगावं ते या निमित्ताने लिहितो.

ख्रिस्ती मौनात घर रिकामं सोडायचं नसतं, मालकाच्या स्वाधीन करायचं असतं. म्हणून सुरुवातीला एक पवित्र शब्द घेतात : ‘येशू’, ‘आब्बा’, ‘प्रभू’. एलीयाला वारा, भूकंप आणि अग्नी यांत देव भेटला नाही, त्यानंतरच्या शांततेत भेटला (१ राजे १९). स्तोत्र १३१ मध्ये आईच्या कुशीत निवांत झालेलं मूल आहे. दार लावून गुप्तपणे प्रार्थना करायला येशूने सांगितलं. मोठ्याने प्रार्थना करणं सोडा असं कुणीच म्हणत नाही. ती आधी करा, मग बसा. मोकळं रडून झाल्यावर मौन अधिक सोपं जातं.

आता प्रत्यक्ष कृती. दोन पद्धती आपल्याकडे जमतात.

एक, केंद्रित प्रार्थना. मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सरच्या मठात विल्यम मेनिंजर, बेसिल पेनिंग्टन आणि थॉमस कीटिंग या तीन साधूंनी १९७०च्या दशकात ती आजच्या माणसांसाठी बसवली. पाया चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या एका निनावी लेखकाच्या शिकवणीचा. पाठ सरळ ठेवून खुर्चीवर बसा. मांडी घालायची सक्ती नाही, गुडघे दुखले की मन तिथेच अडकतं. डोळे मिटा, पवित्र शब्द मनात हलकेच आणा. विचार आले की त्यांच्याशी भांडू नका, शब्दाकडे परत या. पूर्ण वेळ वीस मिनिटांचा, दिवसातून दोनदा. पण कडक शिकवणीतून आलेल्याने पाच मिनिटांनीच सुरुवात करावी आणि दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवावीत. शेवटी दोन मिनिटं डोळे मिटूनच राहावं आणि ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ सावकाश म्हणावं. झटकन उठलं तर दिवसभर चिडचिड होते.

दुसरी, येशूची प्रार्थना : ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ पूर्वेकडच्या मठांत ती शतकानुशतकं चालते, मूळ लूक १८ मधल्या जकातदाराच्या आणि आंधळ्याच्या हाकेत. श्वास घेताना पहिला भाग, सोडताना दुसरा. ‘पापी’ शब्दाने जुनी धास्ती जागी होत असेल तर फक्त ‘माझ्यावर दया कर’ म्हणा. आंधळ्याची हाक तेवढीच होती. चालताना, जाळं विणताना, सुपारी सोलतानाही ही जमते. पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळत असतात तेव्हा निव्वळ मौनापेक्षा हीच बरी.

धोका कुठे आहे तेही स्पष्ट लिहितो. भीतीवर वाढलेल्या मनात शांत बसलं की दाबून ठेवलेलं वर येतं : नरकाची दृश्यं, छातीत धडधड, घाम. हा दुष्ट आत्मा नव्हे. शरीराने साठवलेली भीती वर येते आहे. तेव्हा मौन तिथेच थांबवा. डोळे उघडा, पाय जमिनीला लावा, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, अंगणात फेरी मारा. पुढचा आठवडाभर डोळे उघडे ठेवून, हातात जपमाळ किंवा खडा घेऊन, पाच मिनिटंच. दोन आठवडे झोप उडाली, जेवण सुटलं किंवा जगणं नकोसं वाटलं तर प्रार्थनेचा प्रयोग बंद करून मनोविकारतज्ज्ञाला भेटा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. उपचार घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डिमेलो यांची लोणावळ्याची साधना संस्था याच कामासाठी निघाली. शरीराच्या जाणिवेपासून प्रार्थनेकडे नेण्याची त्यांची पद्धत आपल्या माणसांना सहज लागते. त्यांच्या काही मतांवर व्हॅटिकनने १९९८ साली आक्षेप नोंदवला, हेही माहीत असावं. पद्धत वापरताना मतं तपासून घ्यावीत.

तारणाचं : काका, मत्तय २५ मध्ये राजा उपाशी, तहानलेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान यांच्याबद्दल विचारतो. ते येशूचेच शब्द आहेत.

---

जांभा

सगळे मौनाबद्दल लिहिताहेत. त्याआधी एक पायरी सुटते : विलाप.

फेलोशिपमध्ये स्तुती असते, साक्ष असते, विजय असतो. दुःखाला जागा नसते. ‘कुरकुर करू नका’ म्हणून ते गप्प केलं जातं. स्तोत्रसंहितेत मात्र एक तृतीयांशाहून जास्त स्तोत्रं विलापाची आहेत. आणि कोकणातल्या माणसाला हा प्रकार शिकवायला लागत नाही, गाऱ्हाणं त्याच्या कानात असतंच. देवाला नावाने हाक, काय बिघडलं ते स्पष्ट, काय करून हवं ते स्पष्ट, आणि जमलेल्यांचा ‘होय महाराजा’. विलाप-स्तोत्राचा सांगाडा जवळजवळ तोच.

स्तोत्र १३ घ्या, सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत तक्रार : किती वेळ? पुढच्या दोन ओव्यांत मागणं. शेवटच्या दोनांत भरवसा. याच मापात स्वतःचं लिहायचं. कागदावर, हाताने, मराठीत किंवा मालवणीत, घरात जी बोली असेल तीत. दोन ओळी हाक आणि तक्रार, दोन ओळी मागणं. भरवशाच्या ओळी आतून आल्या तरच लिहा, नाहीतर जागा कोरी सोडा. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं आणि तरी ते शास्त्रात आहे.

गटात वाचायचं झालं तर स्तोत्र ४४ उत्तम. तिथे सगळी जमात देवाला जाब विचारते. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी दर दोन ओव्यांनंतर ‘प्रभू, ऐक’ म्हणायचं.

चूक होते ती अशी : विलाप वाचून झाला की कुणीतरी लगेच ‘पण देव सगळं भल्यासाठी करतो’ म्हणतं. गट चालवणाऱ्याने हे अगोदरच बजावावं. विलापानंतर दोन मिनिटं कुणीही बोलायचं नाही.

गाण्यांचंही तसंच. भाषांतरित कोरस आणि किबोर्ड यांच्यापलीकडे आपल्याकडे ना. वा. टिळकांची भजनं-अभंग आहेत, ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात सापडतील. टिळक मूळचे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही येशूभक्त त्यात यावेत ही कल्पना. दोनच वर्षांत ते गेले, पण मराठी ख्रिस्ती माणसाने आपल्या मातीत राहून येशूमागे कसं चालावं याचा तो आराखडा अजून ताजा आहे. त्याहून मागे जायचं तर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण, १६१६ साली गोव्यात राचोलला छापलेलं, ओवीत. अर्धा तास मोठ्याने वाचा, मौनाला याहून चांगली तयारी नाही.

---

पाणंद

रात्रीच्या आत्मपरीक्षणाबद्दल थोडक्यात. जेझुइट संघाचे संस्थापक लोयोलाचे इग्नेशियस यांच्या पद्धतीत पाच टप्पे : देवाच्या उजेडात बसणं, दिवसाबद्दल आभार, दिवस तासागणिक आठवणं, चुकलेल्याबद्दल क्षमा, उद्याची तयारी. पंधरा मिनिटं पुरतात.

कडक शिकवणीतला माणूस आभार एका मिनिटात उरकतो आणि उरलेला वेळ पापांची यादी करतो. म्हणून पहिल्या महिन्यात क्षमेचा टप्पा गाळाच. आठ मिनिटं आभाराला द्या, आणि नुसतं ‘सगळ्याबद्दल धन्यवाद’ नको. ज्या बाईने एसटीत जागा दिली तिचा चेहरा आठवा. नंतरही रोज एकच चूक घ्यायची. स्वतः इग्नेशियसना स्पेनमधल्या मन्रेसात १५२२-२३ च्या सुमारास पापाच्या शंकेने असं ग्रासलं होतं की कबुली देऊनही समाधान होईना. शेवटी जुनी पापं पुन्हा कबूल करायची नाहीत, असं त्यांनी ठरवलं. तो नियम इथे लागू करा.

---

होडीकाठ

मंडळी सोडण्याआधी काही कागद बघा. भावनेच्या भरात हे राहून जातं आणि घरच्यांना त्रास होतो.

दफनभूमी. लहान गावात ती ठरावीक मंडळीची किंवा धर्मग्रामाची असते. सभासदत्व गेलं तर जागा मिळते का, वर्गणी किती, हे सोडण्यापूर्वी लेखी विचारा. घरात म्हातारी माणसं असतील तर हा पहिला प्रश्न, शेवटचा नव्हे.

बदलीचं पत्र. दुसऱ्या चर्चमध्ये जायचं असेल तर सभासदत्व बदलीचं पत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला मागून घ्या. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर पोच घ्या.

लग्न. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न कोण लावू शकतो हे ठरलेलं आहे. स्वतंत्र फेलोशिपच्या प्रत्येक पाळकाकडे तो परवाना असतोच असं नाही, तो पाहून घ्या. नसेल तर १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी होते, त्यासाठी तीस दिवसांची नोटीस लागते.

नवरा-बायकोपैकी एकालाच बदल हवा असेल तर जेवणाच्या ताटावर वाद नको. तीन गोष्टींवर आधी बोलणं व्हावं : रविवारी कोण कुठे जाणार, दशमांशाचं (मंडळीला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाचं) काय, आणि मुलांना नरकाबद्दल काय सांगायचं. पहिल्या दोन बाबींत तडजोड करा. तिसरीत करू नये असं माझं ठाम मत आहे. मुलांना भीती दाखवायची नाही, एवढं दोघांनी मिळून ठरवायलाच हवं.

---

करवंद

दशमांश थांबवला की मलाखी ३ समोर ठेवतात, ‘देवाला लुबाडता’ म्हणून.

---

होडीकाठ

अनुवाद १४:२८-२९ सोबत वाच. दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवून लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना पोटभर द्यायचा आहे. दहा टक्के द्यायची सवय चांगली आहे, ती मोडू नये. वाटणी बदलावी : काही भाग ज्या उपासनेला जातो तिथे, उरलेला गावातल्या ठरावीक गरजेला. आणि हिशेब मागावा. जिथे हिशेब विचारणं म्हणजे बंड समजतात, तिथे पैसे देऊ नयेत.

---

नारळीबाग_वसई

सेवेच्या भागाकडे येतो. बेल्जियमचे जोसेफ कार्डिन यांनी कामगार तरुणांसाठी तीन पायऱ्या घालून दिल्या, १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी त्या अधिकृत शिकवणीत घेतल्या : पाहा, पारखा, करा. पाहणं म्हणजे आकडे आणि माणसं. पारखणं म्हणजे शास्त्राच्या उजेडात कारण शोधणं. मग कृती.

आमच्या वसईचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. बिल्डरांच्या आणि टँकरवाल्यांच्या धंद्यात इथली वाडी आणि विहिरी संपत होत्या, तेव्हा फादर दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती रस्त्यावर उतरली. त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक बरीच वर्षं चालवलं, २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रार्थना, लेखन आणि आंदोलन या तिन्ही गोष्टी त्या एका माणसात होत्या. सगळ्या धर्मांचे लोक सोबत होते, ही त्यातली मुख्य गोष्ट.

---

जांभा

कोकणात लहान गटाने कुठून सुरुवात करावी? पाण्यापासून. अडीच-तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो, जांभ्यातून झिरपून खाली जातो आणि एप्रिलमध्ये हंडे निघतात. ‘पाहा’ म्हणजे कोणत्या वाडीतली विहीर कधी आटते आणि पाणी कोण आणतं याची नोंद. बहुतेक ठिकाणी उत्तर बायका आणि मुली.

वनराई बंधारा पाच-सात माणसांना दोन दिवसांत जमतो. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या गोळा करा. वाळू-मातीने दोन तृतीयांश भरा, गच्च भरलेली पिशवी नीट बसत नाही. तोंड शिवा. पऱ्ह्याचं (ओढ्याचं) पात्र अरुंद आणि तळ खडकाचा असेल अशी जागा निवडा. विटांसारखे सांधे चुकवून थर रचा, फटींत चिखल दाबा, पायथा रुंद आणि माथा अरुंद. उंची मीटरभर पुरे, आणि मधल्या भागात पाणी सांडायला जागा खोल ठेवा.

फसतं ते वेळेमुळे. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हीच वेळ. जानेवारीत बांधलात तर अडवायला प्रवाहच उरत नाही. दुसरी चूक सांडवा न ठेवण्याची, मग पाणी बाजूची माती कापून निघून जातं. तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यांत वाईट, म्हणजे बंधाऱ्यावर मंडळीचा फलक लावणं. ग्रामपंचायतीला आधी सांगा, वाडीतल्या सगळ्यांना बोलवा, काम गावाचं होऊ द्या. सेवा हे धर्मांतराचं आमिष आहे असा संशय ज्या हवेत आहे, तिथे पत्रिका वाटणं किंवा काम संपल्यावर प्रवचन करणं हा त्या माणसांचा विश्वासघात आहे. डाव्या हाताला कळू देऊ नका असं येशूने सांगितलंच आहे.

पुढची पायरी ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सभांना जा, पाणीयोजनेचा विषय लेखी द्या. उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार : दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील.

---

देवगडकर

बंधाऱ्याचं पटलं, त्यात यायला मला काही अडचण नाही. पण एक विचारतो. ध्यानाच्या गटातही कुणीतरी एक मोठा होऊन बसतो, मग पाळकाच्या जागी गुरू आला एवढंच. ते कसं टाळता?

---

सुरंगी

काका, हा प्रश्न या धाग्यात हवाच होता. मतं बदलतात आणि सूर तोच राहतो. ‘आम्हाला कळलं, ते अजून अंधारात’ हे आता मौनाच्या भाषेत बोललं जातं. त्याला गटाची रचनाच आवर घालते.

माणसं पाच ते आठ. त्याहून जास्त झाली की दोन गट करा. बैठक पंच्याहत्तर मिनिटांची : पाच मिनिटं स्थिर होणं, दहा मिनिटं स्तोत्र किंवा उतारा, वीस मिनिटं मौन, वीस मिनिटं बोलणं, दहा मिनिटं गावातल्या कामाची विचारपूस, दहा मिनिटं इतरांसाठी प्रार्थना. बोलताना प्रत्येकाला दोन-अडीच मिनिटं. सल्ला द्यायचा नाही, दुसऱ्याच्या बोलण्यावर शास्त्रवचन टाकायचं नाही. चालवणारा दर तीन महिन्यांनी बदलतो, त्यात बायका आणि तरुण आलेच पाहिजेत. पैसे जमा होत असतील तर खर्चाला दोघांच्या सह्या आणि दर महिन्याला हिशेब सगळ्यांसमोर. नोंदणीची घाई नको, तिला किमान सात माणसं आणि दरवर्षीची कागदपत्रं लागतात. सुरुवातीला सामान थेट विकत घेऊन कामावर द्या.

एक कसोटी सांगते. सहा महिन्यांत गटाने मौन वाढवलं पण गावातलं एकही काम हाती घेतलं नाही, तर गट बिघडतो आहे. उलट कामं दहा चालू आहेत आणि मौनाची वीस मिनिटं पाचावर आली आहेत, तरीही बिघडतो आहे, थोड्याच दिवसांत माणसं थकून एकमेकांवर खेकसायला लागतील.

---

करवंद

जूनमध्ये सुरू करायचा विचार आहे. पहिल्या आठ बैठकांना कुठले उतारे घ्यावेत?

---

खाडीपट्टा

जून चांगला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, माणसं घरी असतात. क्रम असा ठेव :

लूक १५:११-३२ दोन बैठकांत विभागून, दुसऱ्या बैठकीत फक्त थोरला भाऊ. मग स्तोत्र १३, विलाप लिहिण्यासह. मार्क १०:४६-५२. १ राजे १९:१-१३, हा लांब आहे, मौन त्याच दिवशी पहिल्यांदा वीस मिनिटं करा. यशया ५८:१-१२, कारण साखळी-उपासाची सवय असलेल्यांना उपास कशासाठी हे तिथे नव्याने कळतं. लूक १०:२५-३७. शेवटी योहान २१:१-१४.

मत्तय २५ मुद्दाम पहिल्या आठांत घेतलेला नाही. न्यायाचं दृश्य असल्याने जुनी भीती तिथे पटकन परत येते. तो नोव्हेंबरात, बंधाऱ्याच्या दिवसांत घे.

ऑगस्टमध्ये होड्या निघाल्या की बैठकीचा वार ठरलेला ठेवता येणार नाही. भरती-ओहोटी बघून दर पंधरवड्याला वेळ ठरवा आणि गणपतीचा आठवडा सुट्टीचा धरा. चाकरमानी आलेले असतात आणि शेजाऱ्यांकडे मदतीला हात लागतात.